बाल्टिमोर दाखवणारा माणूस

वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमधल्या मराठी घरांत आल्यागेल्याला अमेरिका दाखवायचा एक क्रम ठरलेला आहे. जेट लॅग उतरला की वॉशिंग्टन, लाँग वीकेंड आला की नायगारा, आणि परतीच्या विमानाआधीच्या शनिवारी बाल्टिमोरचं बंदर. तिथे आधी मत्स्यालय, मग धक्क्यावरची जुनी जहाजं, मग आईस्क्रीम. परीक्षितने हे बंदर इतक्या लोकांना दाखवलं होतं की मत्स्यालयातला जुना ऑक्टोपस जाऊन नवा आला, हे त्याने पाटी न वाचता, नुसत्या स्वभावावरून ओळखलं होतं.

यंदा मात्र बंदराच्या वार्षिक उत्सवात त्याला स्वतःला काहीतरी बघायचं होतं. त्याची मुलगी सिया नुकतीच हायस्कूल संपवून मोकळी झाली होती आणि उन्हाळाभर तिथल्या एका शिडाच्या जहाजावर शिकाऊ खलाशी म्हणून राबत होती. उत्सवाच्या शनिवारी दुपारी दोन वाजता ती डोलकाठीवर चढून सगळ्यांत वरचं शीड सोडणार होती.

"बाबा, फक्त ये," ती म्हणाली होती. "समोर बस, मला दिसशील असा. माझ्या ऑर्केस्ट्राला तू नव्हतास, ग्रॅज्युएशन फोटोला नव्हतास. यू आर ऑलवेज शोइंग समबडी फिश."

ते खरं होतं.

शुक्रवारी रात्री त्याची बायको आसावरी म्हणाली, "उद्या माझं सॉफ्टवेअर रिलीज आहे, मी लॅपटॉपसमोरून हलू शकत नाही. काका-काकूंना तूच ने. आणि नीट ने, यार. मी त्यांच्याकडे राहून शिकलेय."

"अगं, पण सियाचं..."

"तिथेच आहे ना सियाचं? मग झालं तर."

आसावरीचे प्रल्हादकाका नागपूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जगातलं कुठलंही पाणी दाखवा, ते आधी त्याची खोली विचारत. शुभाकाकूंना खोलीशी देणंघेणं नव्हतं. त्यांना शनिवारी मत्स्यालयातल्या प्रत्येक काचेपुढे एकच प्रश्न पडत होता.

"हा खातात का हो, परीक्षितराव?"

"हा नाही खात, काकू."

"मग एवढा सांभाळलाय कशाला?"

काका प्रत्येक पाटी मोठ्याने इंग्रजीत वाचत आणि मग काकूंना मराठीत समजावून सांगत. समजावताना पाटीवर नसलेलीही बरीच माहिती देत. मागे एक अमेरिकन कुटुंब खोळंबलं होतं. त्यांना वाटलं, गाईड आहे. ते थांबून ऐकायला लागले, तसा काकांना चेव आला.

"काका, दोनला सियाचं आहे," परीक्षित म्हणाला.

"हो हो, जावईबापू, निघूच की. एवढे कासव झाले की."

कासवं झाली. मग शार्क. शार्कच्या टाकीला वळसा घालत उतरणारा रस्ता काकांना इतका आवडला की तो पुन्हा वर जाऊन उतरता येईल का, असं त्यांनी विचारलं. तेवढ्यात काकूंचे गुडघे बोलले आणि दोघं बाकावर बसली. पावणेदोन झाले होते. परीक्षितचा चेहरा काकूंनी वाचला असावा.

"आमच्यामुळे तुमचा खोळंबा नको," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे. आम्ही काय, बसू इथेच."

आता या वाक्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. 'तुम्ही व्हा पुढे' म्हटलं की समोरच्याने 'छे छे, असं कसं' म्हणायचं, मग इकडून 'अहो, खरंच', मग तिकडून 'मुळीच नाही', आणि शेवटी सगळ्यांनी मिळून उशीर करायचा. हे वाक्य शब्दशः घेतलेला जावई विदर्भात आजवर झाला नसावा.

"बरं," परीक्षित म्हणाला.

काकांनी चष्मा काढला. काकूंनी पदर पुन्हा सारखा केला. परीक्षित मात्र दाराकडे चालू लागला होता, कारण मागे वळून पाहिलं तर आपण थांबू, एवढं स्वतःविषयी त्याला माहीत होतं.

बाहेर सगळं बाल्टिमोर धक्क्यावर उतरलं होतं. खेकड्याच्या टोप्या घातलेली माणसं, बिअरचे ग्लास, तोंडं रंगवलेली पोरं, आणि मधोमध एक बँड, ज्याच्याभोवतीची गर्दी जागची हलत नव्हती. परीक्षित 'एक्सक्यूज मी, सॉरी' करत, धापा टाकत जहाजाच्या धक्क्यावर पोचला तेव्हा दोन वाजून गेले होते. पुढची बाकं भरून दोर लावला होता. त्याच्या पुढ्यात एक सहा फुटी बाप, त्याच्या खांद्यावर पोर, आणि पोराच्या हातात फुगा.

फुग्याच्या डावीकडून डोलकाठी दिसत होती. दोघंजण वर चढत होती. दोघांना सारखेच निळे टी-शर्ट, सारखीच हेल्मेटं. एक मध्येच थांबलं, दुसरं सरसर वर गेलं. परीक्षितचा ऊर भरून आला. त्याने फोन उंच धरला आणि शीड सुटून फुगेपर्यंत त्या सरसर गेलेल्या आकृतीवरून कॅमेरा हलू दिला नाही. टाळ्या पडल्या. वरून त्या आकृतीने पहिल्या रांगेकडे हात हलवला. परीक्षितने फुग्यामागून हात हलवला.

गर्दी पांगल्यावर तो पुढे आला. पहिल्या रांगेत, अगदी मध्यावर, प्रल्हादकाका आणि शुभाकाकू बसले होते. दोघांच्या हातात लेमोनेड होतं.

"या, जावईबापू," काका म्हणाले. "जागा धरली होती तुमच्यासाठी. दिसलेच नाही तुम्ही कुठे."

"तुम्ही... कसे काय आलात?"

"ती बाई भली हो, मत्स्यालयातली," काकू म्हणाल्या. "बाकावर दोघंच पाहिलं आम्हाला. विचारलं, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, जावई सोडून गेला."

"असंच म्हणालात?"

"इंग्लिशमध्ये तेवढंच जमलं. तिचं तोंडच उतरलं बिचारीचं. म्हाताऱ्यांसाठी त्यांची बॅटरीची गाडी असते, मागच्या रस्त्याने थेट इथे आणून सोडलं."

सिया हेल्मेट काढत उतरायच्या फळीवरून खाली आली. तळवे लाल झाले होते. तिने आधी आजोबांना मिठी मारली, मग आजीला. मग बापाकडे पाहिलं.

"तू आलास? आय लुक्ड. आजी-आजोबा दिसले, तू नव्हतास."

"होतो गं. मागे होतो. सगळं पाहिलं. हे बघ, सगळं रेकॉर्ड केलंय." त्याने फोन पुढे केला.

सियाने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. ती घाई करणाऱ्यातली नव्हती.

"बाबा, हा टायलर आहे."

"कोण?"

"टायलर. मी खालची. माझी सेफ्टी क्लिप अडकली होती, म्हणून थांबले. तो आधी गेला, मी नंतर वर गेले. शीड मी सोडलं. तुझ्या फ्रेममध्ये माझा बूट आहे." तिने फोन परत दिला. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "इट्स फाइन. चारला अजून एक शो आहे. पण तुम्हाला जायचं असेल."

"चारला?" काका म्हणाले. "आमचं तर मत्स्यालय अर्धंच राहिलं, जावईबापू. जेलीफिश राहिले. तिकीट दिवसभर चालते म्हणे."

"चालतं."

"मग चला की. तुम्हाला सगळं माहीत आहे तिथलं."

परीक्षित पहिल्या रांगेत, काकांच्या शेजारी रिकाम्या राहिलेल्या जागेवर बसला.

"तुम्ही जाऊन या, काका. ती गाडी सोडेल तुम्हाला, आणि परतही आणेल."

"अन् तुम्ही?"

"मी इथे बसतो."

"दोन तास? उन्हात?" काकू म्हणाल्या. "आसावरी काय म्हणेल?"

"तिला मी सांगतो."

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. असा जावई त्यांनी पाहिला नव्हता, आणि पाहून आनंदही झालेला दिसत नव्हता. तरी काका उठले, कारण जेलीफिशच्या टाकीची खोली त्यांना अजून कळली नव्हती.

बाकं रिकामी झाली. झाडूवाला येऊन परीक्षितच्या पायाभोवती झाडून गेला. त्याला तहान लागली होती, पण लेमोनेडची रांग जागेपासून लांब होती. एका स्वयंसेविकेने येऊन सांगितलं की पुढच्या शोला बराच वेळ आहे, तोवर तिकडे सावलीत बसता येईल.

"आय नो," परीक्षित म्हणाला, आणि हलला नाही.

जहाजावर सिया दोरांची वेटोळी घालत होती. पहिलं वेटोळं झाल्यावर तिने मान वर करून बाकांकडे पाहिलं. दुसरं झाल्यावर पुन्हा पाहिलं; बाप तिथेच होता. तिसऱ्यानंतर तिने बघायचं सोडलं आणि कामाला लागली.