मीठ, विभूती आणि तंबाखूचं कपाट

चन्नबसम्माच्या घरी आलेलं ते सागवानी कपाट सेलूच्या एका तंबाखूच्या दुकानात बापजाद्यांपासून उभं होतं. दुकान बंद झालं, कपाट विकायला निघालं आणि तिच्या पोरानं, पंकजनं, टेम्पोत घालून ते बोरीला आणून टाकलं. बुटकं, पण पोटाला चांगलंच रुंद. आतल्या फळ्या कुणीतरी आधीच काढून नेल्या होत्या, त्यामुळे एखादा माणूस खुशाल मांडी घालून आत बसला असता.

वासाचं तर विचारूच नका. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा भिंतीवरची पाल शिंकली. ज्याला खोटं वाटतं त्यानं बोरीत जाऊन विचारावं; पाल अजून तिथंच आहे, नाक चोळत.

हे कपाट तिच्या नवऱ्याच्या, वीरुपाक्षाच्या खोलीत ठेवायचं होतं. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन संभाजीनगरला झालेलं. जन्मभर गालात तंबाखू धरलेला माणूस. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता एक चिमूट जरी तोंडात गेली तर माझ्याकडं आणू नका. आणि औषधं, कपडे हाताशी राहावेत म्हणून आणलेलं कपाटच श्वासागणिक त्याला तंबाखूची आठवण करून देणार! तो घरी पोचायच्या आत वास गेला पाहिजे, एवढंच चन्नबसम्माच्या डोक्यात होतं.

तिनं सोड्याच्या पाण्यानं पुसलं. कडुनिंबाचा धूर केला. कोळसे ठेवले. वास तासभर बाहेर हिंडून यायचा आणि पुन्हा आपल्या जागी बसायचा.

शेवटी शेजारच्या छबूबाईनं भिंतीवरून मान काढली. "अक्का, वास ओढावा तर मिठानंच. जाडं मीठ वता, दार लावा अन् इसरून जा."

चन्नबसम्मानं मिठाचं पोतं आत रिकामं केलं. राखही वास ओढते, पण गॅस आल्यापासून घरात राख कुठली? विभूती मात्र मुबलक. तिनं विभूतीचे गोळे चुरून मिठावर पसरले. वर जरा चांगला वास यावा म्हणून सकाळच्या पूजेतला बेल टाकला. दार लावून घेतलं.

दुपारी उघडलं तर तंबाखूचा मागमूस नाही. पहिला श्वास तिनं आनंदानं घेतला. दुसरा घेतला आणि पदर नाकाला लावला.

हा वास तिच्या ओळखीचा होता. त्यांच्या लिंगायतांत माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि समाधीच्या खड्ड्यात मीठ, विभूती, बेल घालतात. सासऱ्यांना बसवलं तेव्हा खड्ड्यातून हाच वास वर आला होता. जुन्या ओल्या लाकडाचा वास मातीसारखा, तोही त्यात मिसळलेला. नवरा दवाखान्यातून घरी येतोय आणि तिनं आपल्या हातानं, त्याच्याच खोलीत, त्याच्याच मापाची जागा करून ठेवली होती.

तेवढ्यात फोन वाजला. "आई, जिंतूर सोडलं," पंकज म्हणाला. "बाबा लय खूश हायत. आधी कपाट बघतो म्हणायलेत."

ती दोन्ही हातांनी मीठ उपसायला लागली. मीठ पाझरून लाकडात शिरलं होतं, राख भेगाभेगांत बसली होती. ओलं फडकं फिरवलं तसा वास दुप्पट झाला.

"गेला का वास, अक्का?" छबूबाईनं भिंतीपलीकडून विचारलं.

"गेला."

"मंग रडल्यावानी का बोलायलाव?"

चन्नबसम्मा मीठ उपसत राहिली. बोललं तर खरं होईल, असं तिला वाटलं. सासऱ्यांच्या वेळी विधीला आलेले जंगम म्हणाले होते, जागा उकरली की ती मोकळी सोडत नाहीत. ते शब्द तिच्या कानात घुमायला लागले. तिला आता कुठलीच वाट दिसेना.

दारात गाडी थांबली. चन्नबसम्मा कपाटात शिरली. मांडी घातली. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, गेलेल्याच्या हातावर देतात तसं, आणि दार ओढून घेतलं. बाहेरची कडी आपोआप खाली पडली.

आत अंधार दाट होता. मांड्यांखाली मीठ ओलं व्हायला लागलं. बाहेर पंकजचा आवाज, मग ओढत येणाऱ्या चपला. आपल्याला मरायचं नाही, हे तिला तिथं बसल्यावर कळलं. हाक मारायला तिनं तोंड उघडलं.

कडी वर झाली. समोर वीरुपाक्ष, उतरलेल्या चेहऱ्याचा. त्यानं मीठ पाहिलं, राख, बेल, मांडी घातलेली बायको, तिच्या हातातलं लिंग. बापाला त्यानंच खाली बसवलं होतं. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो हसला नाही. त्यानं दाराची चौकट धरली.

"बसम्मा, भाईर ये."

"तुमी मागं सरा. जागा भरली हाय."

"अगं, मी अजून हाय की."

"म्हणून तर बसलेय."

त्यानं हात पुढं केला. "डॉक्टर म्हणलेत, वजन वढायचं न्हाई. आता टाके तोडायला लावतीस का माझे?"

हे ऐकून मात्र ती स्वतःच उठली, पटकन, त्याच्या हाताला भार लागू न देता.

वीरुपाक्षानं डोकं आत घालून नाक ओढलं. "ह्याला तर कसलाच वास न्हाई."

तिनंही हुंगलं. खरंच होतं. नुसतं लाकूड.

मग तो तिच्याकडं वळला, आणि त्याचं पाऊल अर्धं मागं सरकलं. खड्ड्याचा वास आता तिच्या अंगाला होता.

चन्नबसम्मानं शिकेकाई लावून, बेसन चोळून, पाणी संपेपर्यंत अंघोळ केली. तो पलंगाला टेकून बसला होता. तिनं दुधाचा पेला पुढं केला तसा त्याचा श्वास थबकला. पेला त्यानं खाली ठेवला, तिचं मनगट धरलं, आणि दिवे लागले, पोरगं जेवायला हाक मारून दमलं, तरी सोडलं नाही.