गळक्या झारीच्या पोटात

मी झारी बोलतेय. तीही बुडाला भोक पडलेली. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

बागेतल्या माळीणमावशीनं मला चौदा वर्षं सकाळ-संध्याकाळ उचललं. तिच्या हाताचे घट्टे माझ्या दांड्याला पाठ आहेत. मग बागेत रबरी पाइप आला आणि मी अवजारांच्या खोलीमागे आडवी पडले. गरज सरो, वैद्य मरो!

पण रिकामं पोट कुणाच्या तरी नजरेत भरतंच. यंदा दयाळ जातीच्या एका पक्षिणीनं माझ्यात घरटं केलं. तीन पिल्लं. जन्मभर गार पाणी वाहिलेली मी, अशी ऊब मला ठाऊकच नव्हती.

एक दिवस बागेचे साहेब आले. "मावशी, उद्या शाळेची मुलं प्राणी-पक्षी बघायला येणार. बाग आरशासारखी पाहिजे. पालापाचोळा, भंगार, सगळं गाडीत टाका."

मावशीनं झाडून झाडून कंबर मोडून घेतली. शेवटी माझ्याकडे आली. मला उचलायला वाकली, तर आतून तीन चोची वासल्या.

"अगं बाई!" ती मटकन खाली बसली. "पोटुशी होतीस आणि बोलली नाहीस?"

मला तिनं हलवलं नाही. मला आडोसा म्हणून पोतं टांगलं आणि तेवढ्या कोपऱ्यातला पाचोळा तसाच ठेवला. गाडी माझ्याविना गेली.

दुसऱ्या दिवशी तीस पोरं वह्या घेऊन आली. बघणार काय? पानं गेली, त्यांच्याबरोबर किडे गेले, किड्यांमागे पक्षी गेले. एक मुलगी म्हणाली, "बाई, वहीत 'बाक' लिहू का?"

शिक्षिकेचा चेहरा पडला. मावशीला ते बघवेना. पण मला दाखवलं तर साहेबांना कळणार, आणि मी पिल्लांसकट भंगारात जाणार. तिनं खराटा भिंतीला टेकवला. मग गुरकावली, "दोघं दोघं या माझ्यामागे. आवाज केला तर कान उपटीन."

पोरं पोटावर झोपून बघत होती. पाचोळ्यात त्यांना गोगलगायही सापडली. पक्षीण अळी घेऊन भिंतीवर आली आणि माणसं बघून थबकली. कुणी हललं नाही. मग ती आली माझ्या पोटात.

तेवढ्यात साहेब. "हे भंगार अजून इथंच?"

सगळी रांग मागे वळली. "शूऽऽ!"

साहेबांचं तोंड पिल्लासारखं उघडंच राहिलं. मग ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते.

"कधी उडतील?" त्यांनी हळूच विचारलं.

"आठवडा लागेल. आणि साहेब, हा कोपरा मी पुढंही झाडणार नाही. सांगून ठेवते."

साहेबांनी निमूट मान डोलावली.

पिल्लं उडाली. तुम्हाला एकच सांगणं आहे, घर हवं तितकं झाडा, पण बागेचा एखादा कोपरा सोडा. तो तुमच्या बापाचा एकट्याचा नाही.

मावशी अजून रोज कामावरून जाताना वाकून माझ्यात डोकावते. "रिकामीच का गं?" विचारते.

दम धर बाई. एवढ्यात कुठं? दिवस भरू देत.