कानांवरची इस्त्री

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या या कानांवर एकदा डॉक्टरांचे कोट इस्त्री होऊन निघाले आहेत. कडक, कॉलरसकट.

हसू नका. लेकही हसली नव्हती. ती रविवारी आली तीच तोंड पाडून. बेकरीत नुकतीच ती कामाच्या एका पाळीची मुख्य झाली आहे, आणि झाल्या झाल्या पावाचा अख्खा घाणा मिठाशिवाय भाजला गेला. दुकानांनी माल परत पाठवला. "मीठ पडलंय, मळा," असं न बघता तिनेच सांगितलं होतं. आता उद्या मालक विचारणार, हे कुणामुळे झालं?

"पीठ मळणारी नवीन आहे, बाबा," ती चहाच्या कपात बघत म्हणाली. "तिचं नाव सांगितलं तर तिला दुसरीकडे काम मिळेल. माझी जागा गेली तर?"

"आता बापाचं ऐक," मी म्हणालो.

आमची ही पलंगाशी उभी राहून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं.

तरुणपणी मी इस्पितळाच्या लाँड्रीत मुकादम होतो. तिथे वाफ अशी, की कापून बादल्यांत भरून बाहेर ओतावी लागे. माणसं एकमेकांना खोकल्यावरून ओळखत. एक जण सकाळी वाफेत शिरला, तो वाट सापडून बाहेर आला तेव्हा त्याच्या पोराचं लग्न झालेलं.

"बाबा!"

"बरं, नुसती बोलणी चालली होती म्हण."

तर एके दिवशी माझा लाल मफलर पांढऱ्या कपड्यांच्या गठ्ठ्यात गेला. गठ्ठा तपासायचं काम माझं. मी तो न उघडताच "टाका, बघितलंय" म्हणून मोकळा झालो. धुण्याच्या यंत्राचं झाकण उघडलं तर चादरी गुलाबी, अभ्रे गुलाबी, डॉक्टरांचे कोट गुलाबी! त्यातला एक कोट चुकून वॉर्डात गेला. तो बघून अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा हसत हसत उठला आणि चालत घरी गेला.

साहेब आले. त्यांनी आम्हाला भिंतीशी उभं केलं आणि असे ओरडले की त्यांच्याच शर्टाची बटणं तुटून उडाली. "कुणाकडून झालं हे?"

"लेकी, मुकादम कशाला असतो?" मी आवाज जरा खाली आणला. "शाबासकी मिळाली की 'आपण' म्हणायला, आणि बोलणी खायची वेळ आली की 'मी' म्हणायला. सगळे खाली बघत होते. लाजेने कान इतके तापले, की इस्त्रीवाल्याने तिथल्या तिथे दोन कोट त्यांवर फिरवून घेतले. मग मी एक पाऊल पुढे आलो आणि म्हणालो, 'साहेब, माझ्याकडून झालं.'"

"मग? काढलं तुम्हाला?"

"काढतंय कोण! साहेबांच्या डोळ्यांत पाणी. मला मिठीच मारली."

"आमचे मालक मिठी मारतील असे वाटत नाहीत," लेक म्हणाली. पण ती आता ताठ बसली होती, आणि मला बापपणाचं मोठं समाधान वाटलं. तेवढ्यात पलंगाकडून आवाज आला.

"हिच्याकडून."

"काय गं, आई?"

"'माझ्याकडून' नाही म्हणाले तुझे बाबा. 'हिच्याकडून झालं, साहेब,' म्हणाले. बोट माझ्याकडे. तिथे यंत्रावर मी होते ना. दुपारच्या जेवणाआधी नोकरी जाऊन मी घरी." तिने चादर झटकली. "मला 'ही' म्हणाले ते पहिल्यांदा तेव्हाच. लग्न पुढे झालं."

मी खाकरलो.

"आणि तरी तू यांच्याशी लग्न केलंस?"

"माफी मागायला घरी आले होते गं. उंबऱ्यातच त्या कोटवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट सुरू केली. मला हसू आलं. माफी राहिली ती राहिलीच."

लेकीने कप खाली ठेवला. उठली आणि आईच्या हातातल्या चादरीची दुसरी दोन टोकं धरली.

"मीठ मी बघितलं नव्हतं," ती चादर ताणत म्हणाली, "तसंच सांगते उद्या. जागा जायची तर जाऊ दे."

मग दोघींची नजर एकदमच माझ्याकडे वळली. तोंडाकडे नाही, कानांकडे.

"बघ, बघ, कसे लाल झालेत," ही म्हणाली. "त्या दिवशी मात्र गार होते. मी समोरच तर उभी होते."