पथकातली नावं

गुन्हे शाखेत मी, मच्छिंद्र, बारा वर्षं रायटर आहे. छापा कुणीही घालो, प्रेसनोट मीच टाइप करतो आणि शेवटी 'या पथकात यांचा समावेश होता' म्हणून सगळ्यांची नावं टाकतो. आमच्याकडे त्या यादीला फार मान. लोक कात्रणं लॅमिनेट करून घरात लावतात. एकदा एका हवालदाराचं नाव राहिलं, तर गडी महिनाभर माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून मी मागची यादी उचलून जशीच्या तशी चिकटवतो. कुणाचा रुसवा नको.

मंगळवारी पहाटे कोपरगावात दोघे जण गावठी पिस्तुलांसह सापडले. दहा वाजता मी प्रेसनोट पत्रकारांच्या ग्रुपवर टाकली, चहा मागवला, आणि पहिल्याच घोटाला आठवलं की यादीत सविताचंही नाव गेलं.

सविता आमची शिपाई. संगमनेरच्या बाहेर हायवेवरच्या एका ढाब्यावर ती तीन आठवडे मनकर्णा नावानं भाकऱ्या थापत होती. पिस्तुलं तिथूनच जायची. कोपरगावची खबर तिनंच दिली होती, आणि ढाबेवाला अजून मोकळा होता.

नोट डिलीट केली तोवर अकरा मिनिटं झाली होती. एकेका पत्रकाराला फोन लावला. बहुतेकांनी ऐकलं. दिशा म्हणून एक मुलगी न्यूज पोर्टल चालवते, ती म्हणाली, "बातमी लागलीय काका. नाव काढते, पण कुणी स्क्रीनशॉट मारला असेल तर माझ्या हातात नाही."

आमच्या शाखेचे प्रमुख अमृतसाहेब, त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही, त्यानं मी जास्तच घाबरलो. ते तडक जीप घेऊन निघाले. नगरहून ढाबा दोन तासांवर. जवळच्या ठाण्याला सांगावं तर तिथून खबर फुटते, म्हणून तर सविताला धाडलेलं. तिच्याजवळ मोबाईल नव्हता. दुपारी तीनला दळणाच्या निमित्तानं बाहेर पडून ती गिरणीवरून आम्हाला फोन करायची. आता अकरा वाजत आले होते.

मी मनाची समजूत घालत होतो. ढाबेवाला तिला मनकर्णा म्हणून ओळखतो. नुसत्या नावावरून त्याला काय कळणार?

तेवढ्यात तिच्या वडिलांचा, आसारामतात्यांचा फोन आला. कारखान्याकडं ऊस तोडून पोरीला शिकवलेला माणूस. ती भरती झाली तेव्हा पेढे घेऊन ऑफिसात आले होते.

"साहेब, सविताचं नाव आलंय बातमीत. गावच्या ग्रुपवर पाह्यलं. लई बरं वाटलं."

"तात्या, ते पुढं पाठवू नका कुणाला. पुसून टाका."

"कुनाला न्हाई पाठवलं. फकस्त तिला पाठवलं, तिच्या नव्या नंबरवर."

"कुठला नवा नंबर?"

"तिची आई दवाखान्यात हुती, तवा तिनं फोन केल्ता की, त्यो."

तो ढाबेवाल्याचा मोबाईल असणार. आईच्या काळजीनं दोन मिनिटं मागून घेतला असेल पोरीनं, आणि आम्हाला बोलली नाही.

"मग?"

"मग काय, 'पोरी, नाव काढलंस' असं लिव्हून बातमी धाडली. लगीच उत्तर आलं, वर्दीतला फोटो पाठवा म्हनून. तिला कुनाला दावायचा आसंल. तवाच धाडला."

"किती वेळ झाला?"

"झाली की वीस-पंचवीस मिनिटं." मग तात्यांनीच विचारलं, "काय चुकलं का साहेब?"

"नाही, तात्या," मी म्हणालो. चूक माझी होती, आणि ते त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

साहेबांना फोन लावला. जीप अजून राहुरीच्या अलीकडंच होती, ढाबा तिथून दीड तासावर.