कोशांचा ट्रे

कर्जतमध्ये अळ्यांचा धंदा पहिल्यांदा मी आणला. गव्हाचा कोंडा आणि भाजीबाजारात फेकून दिलेली कोबीची पानं घालून ट्रेमध्ये भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढवायच्या आणि कोंबड्यांना चारायच्या. गाव हसलं. माझी धाकटी जाऊ हन्ना तेवढी हसली नाही. "ताई, मलाबी शिकवा," म्हणाली. मी शिकवलं, एक गोष्ट सोडून.

अळीचा कोश झाला की तो रोज वेचून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो. नाहीतर बाकीच्या अळ्या तो कुरतडतात आणि अंडी घालायला नवे भुंगेरे निघत नाहीत. हे मी सांगितलं नाही. भुंगेरे संपले की ती माझ्याकडे यायची, मी ओंजळभर द्यायची. तिनं येत राहावं असंच मला वाटायचं.

पण वर्षभरात जो तो अळ्या घ्यायला तिच्याच शेडकडे वळू लागला. चर्चमधल्या बायका "हन्नाच्या अळ्या" म्हणायला लागल्या. हन्नाच्या! माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात कळलं, तालुक्यातल्या बायकांना शिकवायला प्रशिक्षण केंद्राला एकच बाई हवी आहे आणि आम्हा दोघींचे शेड बघून तिची निवड होणार. ते काम मला हवं होतं, हवंच होतं. त्या दिवसापासून मी तिला भुंगेरे देणं बंद केलं. "माझ्याकडंच न्हाईत," म्हणाले.

दोन महिन्यांनी केंद्राचे पंकज सर आले. आधी हन्नाकडे गेलो. ट्रेमध्ये भुंगेरा औषधालाही नव्हता, नुसते कुरतडलेले कोश.

"हे वेगळे का काढले नाहीत?"

हन्ना गोरीमोरी झाली. "काढायचे आसत्यात व्हय? ताईंनाबी ठाऊक नसंल, सर. न्हाईतर त्यांनी सांगितलं आस्तं."

ती माझी बाजू सावरत होती, आणि मला त्याचाही राग आला.

मग सगळे माझ्या शेडमध्ये आले. सरांनी वरच्या फळीवरचा झाकलेला ट्रे खाली घेतला. आत वेचून ठेवलेले पांढरे कोश होते.

"याला म्हणतात काम! एस्तेरबाई, तुम्हीच शिकवा."

याच वाक्यासाठी मी इतके दिवस जळत होते. हन्ना पुढे आली. ट्रेवर चिकटवलेल्या कागदावर मी कोश वेचल्याच्या तारखा लिहीत होते. पहिली तारीख गेल्या वर्षीची होती. तिनं ती दोनदा वाचली.

"तुमी ओंजळ भरून भुंगेरे द्यायच्या ना, ताई," ती हळू म्हणाली, "मला वाटायचं, माया हाय."