कट्टी कापून

मुंजाबानं पोरीचं नाव राजनंदिनी ठेवलं तेव्हा पिशोरातली माणसं तोंडावर हसली होती. राज्य काय, तर चाळीस मेंढ्या, दोन एकर मका आणि भुंकायचाही कंटाळा करणारं एक कुत्रं. पण नाव ठेवायला पैसे पडत नाहीत, तसे नावं ठेवायलाही पडत नाहीत. मुंजाबानं दोन्ही होऊ दिलं.

ती राजनंदिनी आता सव्वीस वर्षांची होती. वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर, आणि राहायला संभाजीनगरात गारखेड्याला, एका खोलीत. कंपनीची बस रोज हुकायची, म्हणून तिनं जुनी, गिअरची सायकल घेतली. नगर नाका ओलांडला की वारा समोरून यायचा, आणि तो वारा तीन वर्षं रोज खाऊन तिच्या मांड्यांत काय भरलं होतं, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. ते कळलं सुदर्शन सरांच्या गच्चीवर.

सुदर्शन सर शहरातल्या हौशी लोकांकडून ट्रायथलॉनची तयारी करून घेत. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, असा तो तिहेरी उद्योग. एकट्याला झेपत नसेल तर तिघांनी वाटून घ्यायचा. अशाच तिघांचा एक संघ गोव्याच्या स्पर्धेला जायचा होता. पोहायला श्रेया पक्की, पळायला सोमनाथ पक्का. सायकलीची जागा मात्र रिकामी होती, आणि सरांनी त्या जागेसाठी एक अट घातली होती: जो वीस-एक मिनिटं सलग दोनशे वॅट काढून दाखवेल, तो जाईल. वॅट म्हणजे पेडलवर पाय किती ताकद ओततात त्याचं माप. कोणालाच दोनशे जमले नाहीत, तर ज्याचा आकडा मोठा तो जाईल.

राजकुमार एकशे अठ्ठ्याण्णववर अडला होता. घरचं फरशीचं दुकान, सायकल लाखाच्या वरची, पेडलच्या दांड्यातच वॅट मोजायचं यंत्र बसवलेलं. माणूस वाईट नव्हता, फक्त जागा आपलीच आहे असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

मग एका शनिवारी, सरांकडे नुकत्याच येऊ लागलेल्या राजनंदिनीनं त्यांच्या गच्चीवर, मशीनला बांधलेल्या सायकलीवर, दोनशे तीन काढले.

सगळे आधी तिच्याकडे पाहत राहिले, मग मशीनकडे, आणि अविश्वास वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा तो सगळा मशीनच्या वाट्याला आला. "बिघडलंय बहुतेक," राजकुमार म्हणाला. सरांनीही मान हलवली, कारण मशीन मागं एकदा खरंच चुकलं होतं. ते दुरुस्तीला गेलं. राजकुमारची सायकल तिला उंच पडायची, त्यामुळं तोही रस्ता बंद. राजनंदिनीला राग आला तो त्यांचा नाही, स्वतःचा. कारण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिलाही वाटलं, की खरंच, मशीनच चुकलं असेल.

सर मात्र न्यायाचे पक्के. म्हणाले, "चढावर मोजू. सायकलीसकट वजन किती, उंची किती चढली, वेळ किती लागला, एवढं कळलं की ताकद हिशेबानं निघते. वारा नि रस्त्याचा अडथळा मी अंदाजानं धरतो. गणित खोटं नाही बोलत." गणित खोटं बोलत नाही हे खरंच आहे, पण गणिताला आकडे माणसंच सांगतात.

रविवारी सकाळी सरांच्या गाडीतून सर, राजकुमार आणि राजनंदिनी कन्नडला आले. संघाची नावं संध्याकाळपर्यंत कळवायची होती. कन्नडच्या स्टँडवर मुंजाबा पिशोरहून जीपनं येऊन थांबलेला, डोक्याला धुतलेला फेटा. लेक सायकलवर काय करते हे त्याला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. नेमका सरांनी आणलेला घरचा वजनकाटा चालेना. त्याचा सेल उतरला होता.

"वजनच करायचं ना?" मुंजाबा म्हणाला. "आपला पुंडलिक मापाडी हाय की. आडतीवर सकाळीच मका उतरायलीय."

आडतीवर मक्याच्या पोत्यांची थप्पी लागली होती. पुंडलिक मापाडी काट्यापाशी, आकडा दाखवणारा डबा स्वतःकडं वळवून बसलेला. एक पोतं खाली, एक पोतं वर, असं त्याचं चाललं होतं. मध्येच राजनंदिनी हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली नि सायकल घेऊन काट्यावर चढली. पुंडलिकनं तिच्याकडं धड पाहिलंही नाही.

"पासष्ट!" तो ओरडला. "चला, फुडचं."

सरांनी पासष्ट मोबाइलमध्ये घातले आणि गाडी कन्नडचा घाट उतरून पायथ्याला गेली. जड गाड्यांना मनाई असल्यानं घाट मोकळा होता. कठड्यावर माकडं बसली होती, तेवढीच काय ती वर्दळ.

पहिल्या चढाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. राजनंदिनी पायथ्यापासून अशी सुटली की मागं लांडगा लागलाय. पहिली दोन वळणं तिनं राजकुमारला तोंडात बोट घालायला लावलं, मधल्या वळणाला श्वास फाटला, आणि शेवटच्या टप्प्यात तर पाय तिचे राहिलेच नाहीत. वर पोचली तेव्हा ती सायकलीवरून उतरली नाही, सांडली.

सरांनी हिशेब केला. पुन्हा केला. मग हळूच म्हणाले, "एकशे पंच्याण्णव."

राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते घाम पुसायच्या निमित्तानं पुसलं. म्हणजे मशीनच खोटं होतं. आपण नव्हतोच तेवढ्या.

"अगं, एकशे पंच्याण्णव काय थोडे आहेत?" राजकुमार म्हणाला. "मला एवढ्याला दोन वर्षं लागली." तो हे मनापासून बोलला, त्यामुळं ते जास्तच लागलं.

मुंजाबा कठड्याला टेकून तंबाखू मळत होता. त्याला वॅटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळत होता. "सर, ह्यात वजन किती धरलं तुमी?"

"पासष्ट. तुमच्या मापाड्यानंच सांगितलं ना."

मुंजाबाचा हात थांबला. मग त्यानं कपाळावर अशी थाप मारली की माकडं उठून पळाली. "आरं देवा! त्यानं कट्टी कापली आसंल!"

सरांना कट्टी माहीत नव्हती; शहरात पगार मोजून मिळतो, तिथं ती कशाला कळेल? बाजारात माल काट्यावर चढला की मापाडी आकडा जसाच्या तसा कधी सांगत नाही. पोत्याचं म्हणून काही कापायचं, ओलाव्याचं म्हणून काही कापायचं, आणि उरेल तेवढंच वजन ओरडायचं. हीच ती कट्टी. मुंजाबा तिच्यापायी वीस वर्षं पुंडलिकशी भांडत आला होता आणि वीस वर्षं हरत आला होता.

त्यानं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"पुंडलिका, सकाळच्या पोरीची कट्टी कापली का रे?"

"कापली आसंल की," पलीकडून पुंडलिक म्हणाला. "न कापता आकडा सांगायची जिभेला सवयच नाय ना बाबा."

"आरं, पोरगी हाय ती, मका नाय! माझ्या मकीची कापली ती कापली, आता लेकीचीबी कापतो व्हय?"

"मंग आधी सांगायचं!"

"कापली किती?"

"आता एक कापली का दोन, ते कोण ध्यानात ठेवतंय? हात बसलाय माझा."

मुंजाबा हसायला लागला. आधी घशात, मग पोटात, मग त्याला कठडा धरावा लागला. पण सर हिशेबात गुंतले होते.

"एक किलो कापली असेल तर एकशे अठ्ठ्याण्णवच्या आसपास," ते म्हणाले, "म्हणजे राजकुमारच्या बरोबरीत. दोन कापली असेल तर दोनशेला टेकतेस." आता परत जाऊन वजन करण्यातही अर्थ नव्हता. बाटली रिकामी झाली होती, अंगातलं पाणी घाटात सांडलं होतं. सरांनी थोडा विचार केला आणि मोबाइल खिशात घातला. "मी दोन धरतो. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

"धरा, सर," राजकुमार म्हणाला. "माझी काही हरकत नाही."

दोघंही चांगलंच बोलत होते. पण राजनंदिनीला काट्यापुढं उभा असलेला बाप दिसला. दरसाल तो भांडून भांडून थकला की आडतीचा मालक, आडत्या, म्हणायचा, "जा, मुंजाबा, तुझा अर्धा किलो सोडला," आणि बाप हात जोडून हसायचा. माल आपला, घाम आपला, आणि उपकार मात्र त्याचे. लहानपणी पोत्यावर बसून तिनं ते हसू किती वेळा पाहिलं होतं, आणि दर वेळी तिला मान खाली घालावीशी वाटली होती.

"नाय, सर," ती म्हणाली. शहरात ती असं बोलत नसे, पण आता तोंडातून तेच आलं. "पासष्टच धरा. मी परत चढते."

"वेडी आहेस का? पायांत काही उरलंय का तुझ्या?"

"उरलं का नाय ते चढल्यावर कळंल. पण सोडलेलं नको मला. कापून दोनशे बसले तरच माझे."

सरांनी समजावून पाहिलं, राजकुमारनं समजावून पाहिलं. मुंजाबानं फक्त हसणं बंद केलं आणि लेकीची सायकल स्वतःच्या हातानं गाडीला चढवली.

पायथ्याला तिनं तासभर पाय पसरले. गूळ-शेंगदाणे खाल्ले, पाणी प्याली. निघण्याआधी बाटली सकाळइतकीच भरून घेतली, कारण कमी पाणी घेऊन हलकं व्हायचं हीसुद्धा एक प्रकारची कट्टीच झाली असती. ऊन वर आलं होतं. राग अजून होता, पण नुसत्या रागावर घाट चढत नाही हे ती सकाळीच शिकली होती. सकाळी ती दोनशेच्या मागं धावली होती. आता तिनं ठरवलं की दोनशेकडं बघायचंच नाही.

ती निघाली तेव्हा सरांना वाटलं, पोरगी दमलीय. पहिलं वळण ती निवांत चढली, जणू कारखान्याला जायला अजून वेळ आहे. दुसरं तसंच. मागून गाडी येत होती, खिडकीतून मुंजाबाचा फेटा बाहेर. त्याला तोंड उघडायची सक्त मनाई होती. मधल्या वळणाला, जिथं सकाळी तिचा श्वास फाटला होता, तिथं तो फाटला नाही. लागला खूप, पण टिकला. तिनं गिअर एक दात खाली केला आणि पेडल जड केलं.

"सर," राजकुमार हळूच म्हणाला, "ही आत्ता कुठं सुरू होतेय."

शेवटच्या टप्प्यात मांड्या पेटल्या. डोळ्यांत मीठ उतरलं, रस्ता पांढरा दिसायला लागला. कोणीतरी आत म्हणत होतं, की सोड, दोनशे तसेही मिळालेच होते. तिनं त्याला ओळखलं. तो आडत्याचाच आवाज होता. तिनं दातावर दात ठेवले आणि सॅडलवरून उठली.

तेव्हा मुंजाबाची मनाई संपली. खिडकीतून अर्धा बाहेर येत त्यानं रानातली ती जुनी हाळी दिली, ज्या हाळीला अख्खा कळप टेकडी चढायचा. "हैऽऽक! चल माय, हैऽऽक!" सर ओरडले, "अहो बाबा, पडाल!" पण त्यांचाही आवाज चढला होता, आणि राजकुमार तर डॅशबोर्डवर मुठी आपटत होता, स्वतःचीच जागा जात असताना.

राजनंदिनीनं माथा ओलांडला आणि या वेळी ती सांडली नाही. सायकल कठड्याला लावली, दोन पायांवर उभी राहिली आणि सरांकडं पाहिलं.

सरांनी पासष्ट घातले, फक्त पासष्ट. घाईत एकदा चुकले, पुन्हा घातले. मग त्यांनी मोबाइल तिच्यापुढंच धरला. दोनशे चार.

"आणि खरं वजन धरलं, तर..." सर बोलू लागले.

"तो हिशेबच करू नका, सर," ती म्हणाली, आणि आता कुठं तिला रडू आलं, लपवावं न लागणारं. राजकुमारनं पुढं होऊन तिचा हात हातात घेतला आणि वर उचलला, पंच उचलतात तसा. "नाव लिहा, सर," तो म्हणाला. "हिचंच." त्याचा चेहरा जरा उतरला होता, पण हात त्यानं खाली येऊ दिला नाही.

मुंजाबा रस्त्याच्या कडेला जाऊन ताठ उभा राहिला, फेटा सारखा केला आणि पुंडलिकला परत फोन लावला. पलीकडून "हॅलो" यायच्या आतच तो ओरडला, साऱ्या दरीला ऐकू जाईल असा:

"काप रे पुंडलिका, किती कापायची ती काप! माझी पोरगी कापूनबी भरली!"