आंबट टाकी

दादांची डुकरं आणि शेजारीच त्यांच्या बहिणीचा भाजीमळा. खत यांचं, भाजी तिची. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग तिची रोपं पिवळी पडायला लागली. माती तपासून घेतली तर तीत तांबं आणि जस्त! डुकरांच्या खाद्यातून विष्ठेत, विष्ठेतून मळ्यात. "तुझं खतही नको आणि तूही नको," म्हणून बहिणीने दादांना रोपघरातून वाटेला लावलं. दादा चारचौघांत "गेली उडत" म्हणायचे, पण मनातून पार खचले होते.

त्यांची सून शिकलेली आणि महाहट्टी. तिने टाकी बांधली आणि विष्ठा, पाणी, गंधक घालून त्यात जिवाणू सोडले. हे जिवाणू गंधक खातात आणि टाकी आंबट करतात. त्या आंबटपणात धातू सुटून पाण्यात उतरतो. पाणी काढून टाकलं की उरतं ते निर्धोक खत. हे बघायला यायला तिने नवऱ्याच्या या रुसलेल्या आत्याला कसंबसं राजी केलं.

बहीण येणार म्हटल्यावर दादांचं चित्त थाऱ्यावर राहीना. टाकीला तर आंबूस भपकारा. वास आला की चुना टाकायचा, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक. त्यांनी अख्खं पोतं टाकीत ओतलं.

सकाळी आंबटपणा तपासायचा कागद पाण्यात बुडवून सून ओरडली. "बाबा, चुना कोणी टाकला? आंबटपणाच गेला, जिवाणू मेले की हो सगळे!"

तेवढ्यात आत्या दारात हजर. धरणीने पोटात घ्यावं असं दादांना झालं.

"मीच टाकला," ते बहिणीला म्हणाले. "तू येणार होतीस. तुला घाण वास नको म्हणून."

ती म्हणाली, "अरे येड्या, जन्मभर हेच खत मी हाताने कालवलं. कधी नाक मुरडलं का?" हसता हसता तिने डोळे पुसले आणि सुनेकडे वळली. "काही उरलंय का गं?"

"एक डबा काढून ठेवलाय, आत्या. त्यातून पुन्हा वाढवता येतील. पण त्यांना ऊब लागते, आणि इथे तर हा गारठा."

"माझ्या रोपघरात आहे ऊब. दादा, उचल डबा."

दादा डबा पोटाशी धरून तिच्यामागून निघाले. रोपघराच्या दारात मात्र त्यांचं पाऊल अडलं.

"उभा काय राहिलास?" आतून बहीण ओरडली. "ये लवकर, त्यांना थंडी वाजत असेल!"